तिगावातली अर्थशास्त्राची शिकवणी

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या भावाचा तिगावहून दूरध्वनी आला. त्या दिवसांत त्याचे बोलणे बहुधा एकाच विषयावर असते : आंबिया बहराचे काय झाले, आणि व्यापाऱ्याने राहिलेले पैसे दिले की नाही. या खेपेस संत्र्याचे नावच निघाले नाही. त्याच्या थोरल्या मुलीची, म्हणजे आमच्या पुतणीची, अकरावीची सहामाही परीक्षा झाली होती. इतर विषयांत ठीक होते. अर्थशास्त्रात ८० पैकी २१ गुण पडले होते. "दादा, पोरीले हा विषय झेपत नाही. यंदा पास झाली तं ठीक, नाही तं पुढच्या वर्षी घरीच राहील. दोन वर्षांनी स्थळं पाहाचीच आहेत," असे तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मनाशी निर्णय झालेला माणूस ज्या शांतपणाने बोलतो तो शांतपणा होता, आणि त्याचीच आम्हांला काळजी वाटली.

ही मुलगी मंद नव्हे. बागेत कोणत्या मजुराचे किती दिवस भरले, पाण्याच्या मोटारीचे बिल किती आले, दुधाचे पैसे कोणाकडे राहिले, हे सारे तिला तोंडपाठ असते. घरचा हिशेब चालवणारी मुलगी नेमकी अर्थशास्त्रातच नापास व्हावी, हे आमच्या मनास पटेना. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात तिगावला गेलो.

तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे गाव. नरखेड मागे टाकून उत्तरेकडे निघाले की महाराष्ट्राची हद्द संपते, आणि पांढुर्णा येण्यापूर्वी तिगावचे स्थानक लागते. घरात, शेतात, बाजारात भाषा आपली. शाळेच्या फळ्यावर हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ही हद्द नव्हती. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानीच नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि आमच्या वडिलांच्या पिढीला नागपूरऐवजी भोपाळची वाट शिकावी लागली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. त्यामुळे कचेरीची कामे जवळ आली. परीक्षेचे मंडळ मात्र भोपाळचेच, आणि मुलीच्या हातातले पुस्तक हिंदीतले.

शिकवणी लावायची म्हटल्यावर प्रथम सगळे तालुक्याच्या ठिकाणच्या क्लासचे नाव घेतात. आम्हीही तिथेच आधी गेलो. एका लांबट खोलीत साठ-सत्तर मुले दाटीने बसली होती आणि चालक मजकूर सांगत होते; मुले खाली मान घालून लिहीत होती. तास संपल्यावर आम्ही त्यांना भेटलो. "आमच्या नोट्स पाठ केल्या की नापास होणे अशक्य," ते म्हणाले. नोट्स पाहावयास मागितल्या. त्यांत अर्थशास्त्राच्या व्याख्या क्रमाने होत्या, मार्शलची, रॉबिन्सची, गुण होते, दोष होते, आकृत्याही होत्या. नव्हता तो एकही प्रश्न, ज्याचे उत्तर मुलाला स्वतः शोधावे लागेल. फी विचारली तर डिसेंबर महिन्यात त्यांनी पुऱ्या वर्षाची सांगितली, तीही एकरकमी.

येथे वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून ठेवतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये, गुणांची वा यशाची हमी देऊ नये, पैशाची पावती द्यावी, आणि सारी फी भरून मूल मध्येच बाहेर पडले तर उरलेल्या मुदतीची रक्कम दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. अंमलबजावणी राज्यांकडे आहे, आणि ती कोठे कशी होते हा निराळा विषय. पण "सूचना वाचल्या आहेत" एवढे वाक्य पालकाने नम्रपणे उच्चारले, तरी एकरकमी फीचे पुष्कळदा हप्ते होतात. आमच्या देखत झाले. तथापि त्या क्लासचा नाद आम्ही सोडला. कारण फीचे नव्हते. तास संपून मुलगी तिगावला पोहोचेपर्यंत हिवाळ्यात पुरता अंधार होणार होता, आणि जी गोष्ट तेथे मिळणार ती बाजारातल्या गाईडात घरबसल्या मिळत होती.

मग शाळेतल्या शिक्षकांकडे गेलो. त्यांनी सरळ नकार दिला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात, कलम २८ मध्ये, शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई आहे. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असला, तरी आपण ते बंधन आपल्यापुरते वरच्या वर्गांनाही लावून घेतले आहे, असे ते म्हणाले. "पण शाळा सुटल्यावर तिने वीस मिनिटे थांबावे. शंका सांगणे ही शिकवणी नव्हे." असे शिक्षक अजून आहेत हे लिहिताना समाधान वाटते. अडचण एवढीच, की शंका विचारण्यासाठी आधी काहीतरी समजलेले असावे लागते. आमच्या पुतणीला काय समजले नाही, हेच तिला सांगता येत नव्हते.

तिसरा प्रयत्न एका तरुण पदवीधराचा. नुकताच एम. ए. झालेला, स्पर्धापरीक्षांची तयारी करणारा, विषय उत्तम जाणणारा. तीन दिवस तो घरी येऊन शिकवून गेला. चौथ्या दिवशी आम्ही मुलीची वही उघडून पाहिली. त्यातल्या साऱ्या आकृत्या सुबक होत्या आणि साऱ्या त्याच्या हातच्या होत्या. मुलगी म्हणाली, "मोठेबाबा, सर सांगतात तेव्हा सगळं समजते. ते गेल्यावर काहीच येत नाही." त्याचा दोष आम्ही मोठा मानीत नाही, ज्याला विषय लवकर समजला त्याला दुसऱ्याला तो का समजत नाही हे पाहण्यास धीर लागतो, आणि धीर वयाने येतो. पण तेवढे वय होईपर्यंत थांबायला आमच्या मुलीजवळ वेळ नव्हता. भ्रमणध्वनीवरचे धडेही तिने पाहिले. सरासरी, मध्यक, बहुलक यांची गणिते त्यांवरून चांगली समजली, हे कबूल केले पाहिजे. मात्र पडद्यावरचा मास्तर प्रश्न विचारीत नाही, आणि विचारला तरी उत्तराची वाट पाहत नाही.

एके दुपारी आम्ही तिची सहामाहीची प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. कोणते प्रश्न चुकले त्यापेक्षा कोणते सोडले, हे पाहणे आम्हांला अधिक उपयोगाचे वाटते. चुकलेल्या उत्तरात मुलाने निदान धडपड केलेली असते. तिने कोरा सोडलेला एक प्रश्न असा होता : पीक चांगले येऊनही शेतकऱ्याची आय का घटू शकते? आम्ही प्रश्नपत्रिका खाली ठेवली. हे वाक्य त्या घरात दर दोन-तीन वर्षांनी उच्चारले जाते. "यंदा उत्पन्न भरपूर, पैसा काही नाही," असे आमचे वडील म्हणत, आता भाऊ म्हणतो. ज्या प्रश्नाचे उत्तर ओसरीवर बसून ऐकलेले, तोच प्रश्न मुलीने सोडून दिला होता, कारण पुस्तकातली आय आणि ओसरीवरचा पैसा एकच आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. तेव्हा आम्हांला कळले की आपण कोणास शोधीत आहोत. नोट्स देणारा नको. ओसरीवरून पुस्तकात आणि पुस्तकातून परत ओसरीवर मुलीला हात धरून नेईल, असा माणूस हवा.

तो माणूस त्याच आळीत होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भावजयीकडे बायका जमल्या होत्या. त्यांत चार घरे पलीकडच्या एक आजी सहज बोलून गेल्या, की आमची सून एवढी एम. ए. झालेली, पण तिचे शिक्षण पेटीतच राहिले. सूनबाईंचे माहेर काटोलकडचे. नागपूर विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी, शिक्षण मराठी माध्यमातून. लग्नाला बारा वर्षे झाली होती, आणि एवढ्या काळात त्या विषयाचे पुस्तक उघडण्याचे कारण पडले नव्हते.

आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. सूनबाई प्रथम नाहीच म्हणाल्या. "मला हिंदीतले शब्द येत नाहीत. चुकीचे सांगितले तर पोरीचे नुकसान होईल," हे त्यांचे कारण. आजवर भेटलेल्यांपैकी स्वतःला काय येत नाही हे सांगणाऱ्या त्या पहिल्याच होत्या. आम्ही आजींकडे पाहिले. आजींनी क्षणभर विचार केला. "शिकवू दे की. पण सैपाकाच्या वेळी नाही," त्या म्हणाल्या. आठवड्यातून तीन दिवस, साडेचार ते साडेपाच, त्यांच्याच ओसरीवर, असे ठरले.

पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम कानावर पडेल इतक्या अंतरावर बसलो. पालकांनी हे जरूर करावे असे आमचे मत आहे. पहिल्या तासाला मास्तर कसा बोलतो यापेक्षा कसा ऐकतो हे पाहावे. सूनबाईंनी पुस्तक मागितलेच नाही. त्यांनी विचारले, "यंदा बाजारात संत्री चाळीस रुपये किलोने शंभर किलो खपतात असे समज. पीक फार आले. भाव तीसवर आला. आता किती खपतील?" मुलगी म्हणाली, "जास्त." "किती जास्त? लोक रोज दुप्पट संत्री खातील काय?" मुलगी हसली, म्हणाली, "नाही, थोडी जास्त. एकशेवीस." "मग हिशेब कर." वहीत आकडे पडले : आधी ४० गुणिले १०० म्हणजे ४,००० रुपये, मग ३० गुणिले १२० म्हणजे ३,६०० रुपये. माल वाढला आणि पैसा ४०० रुपयांनी घटला. मुलगी त्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग सूनबाईंनी शेकडेवारी काढावयास लावली. भाव २५ टक्के उतरला, खप २० टक्के वाढला. वीस भागिले पंचवीस, ०.८. "हा आकडा एकापेक्षा कमी आहे ना? याला आपण कमी लवचीक मागणी म्हणतो. आता तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतात ते तूच मला शोधून दे." पुस्तकात 'लोच' हा शब्द निघाला.

आम्हांला वाटले धडा संपला. तो संपला नव्हता. "आता दुसरे सांग," सूनबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या बागा साधारणच आल्या, आणि एकट्या तुझ्या बाबांच्या बागेला दीडपट फळ आले, तर?" मुलीने बराच वेळ घेतला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. गहू निवडत बसल्या. शेवटी उत्तर आले : "एका बागेनं बाजारात भाव उतरत नाही. मग बाबांला पैसा जास्तच भेटल." एकट्याला जे लाभाचे तेच सर्वांनी मिळून केले असता तोट्याचे होते, ही गोष्ट पुस्तकात पानभर मजकुरात सांगितलेली असते. ती त्या दिवशी गहू निवडता निवडता समजली. त्या मधल्या स्तब्धतेसाठीच आम्ही त्यांस मनोमन शिकवणीचे पैसे देऊन टाकले.

शब्दांची गोष्ट येथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांना ती अधिक लागू पडते. सूनबाईंनी एक वेगळी वही घालून दिली. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे पुस्तकातला, आणि खाली घरातले एक उदाहरण. मागणी, माँग. पुरवठा, पूर्ति. भांडवल, पूँजी. चलनवाढ, मुद्रास्फीति. सूक्ष्म अर्थशास्त्र ते व्यष्टि, स्थूल ते समष्टि. जमिनीचा खंड तो तिकडे लगान. हे झाले सोपे. खरी फसगत करतात ते सारखे दिसणारे शब्द. महाराष्ट्रातल्या पुस्तकात निर्देशांक म्हणजे भावपातळी मोजण्याचा आकडा. हिंदी पुस्तकात त्याला सूचकांक म्हणतात, आणि निर्देशांक हा शब्द तिकडे भूमितीत बिंदूचे स्थान सांगण्यासाठी वापरतात. अकरावीच्या मुलीने मराठी जाणत्याकडून निर्देशांक शिकून हिंदी पेपरात तो लिहिला, तर परीक्षक गोंधळणारच.

आणि सर्वांत फसवा शब्द आपलाच निघाला. 'उत्पन्न'. आपण शेतात आलेल्या मालालाही उत्पन्न म्हणतो आणि हाती आलेल्या पैशालाही उत्पन्नच म्हणतो. तहसिलीतून आणतो तो उत्पन्नाचा दाखला पैशाचा, आणि एकरी उत्पन्न म्हणतो ते मालाचे. मग 'उत्पन्न वाढले की उत्पन्न घटते' हे वाक्य मुलीच्या डोक्यात शिरावे कसे? हिंदी पुस्तकात एकाला उत्पादन आणि दुसऱ्याला आय असे दोन निराळे शब्द आहेत. तेथे गाठ लगेच सुटते. परभाषेत शिकावे लागते म्हणून आपण नेहमी हळहळतो. या एका जागी तरी हिंदी शब्दांनीच मुलीला तिच्या वडिलांचे मराठी वाक्य समजावून दिले. बडोद्याच्या घरात हेच गुजरातीशी आणि हैदराबादच्या घरात तेलुगूशी ताडून पाहता येईल. शिकवणारा दोन्ही भाषांत पारंगत नसला तरी चालते. दोन भाषा आहेत याची जाणीव त्याला असली पाहिजे.

महिना भरला आणि फीचा प्रश्न निघाला. सूनबाई पैसे घेण्यास तयार नव्हत्या. शेजारधर्म म्हणाल्या. भावालाही ते सोयीचे वाटले. शेजाऱ्याला पैसे देणे बरे दिसत नाही, दिवाळीला एक साडी देऊ, असे त्याचे म्हणणे. आम्हांला हे मान्य नव्हते. शहरातल्या क्लासला जी रक्कम आपण एकरकमी मोजायला तयार होतो, ती आळीतल्या बाईला देताना शेजारधर्म आठवावा, हा कोणता न्याय? शिवाय फुकटच्या शिकवणीला दोन्हीकडून खाडे पडतात. आज पाहुणे आले, उद्या वाळवणे आहेत. जिथे पैसे दिले-घेतले जातात तिथे वेळ पाळली जाते.

हा वाद चालू असताना पुतणीने मध्येच विचारले, "मोठेबाबा, काकू फुकट शिकवतात ते राष्ट्रीय आयमध्ये धरत नाही ना?" आम्ही चकित झालो. तो धडा त्याच आठवड्यात झाला होता. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांचा १९२० साली 'कल्याणाचे अर्थशास्त्र' या विषयावरचा ग्रंथ निघाला. त्यांचे एक उदाहरण सर्वत्र सांगितले जाते : पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने लग्न केले, की काम तेवढेच राहते आणि राष्ट्राचे उत्पन्न मात्र कागदावर घटते. बारा वर्षे सूनबाईंचे रांधणे, वाढणे, गुरांचे, आजाऱ्यांचे करणे कोणत्याही हिशेबात आले नव्हते. ही शिकवणीही तशीच गेली असती. मुलीच्या त्या प्रश्नानंतर भाऊ काही बोलला नाही. पहिल्या तारखेस त्याने पैसे पाकिटात घालून मुलीच्या हाती दिले. आजींनी ते घेऊन देवापुढे ठेवले आणि मग सुनेकडे दिले. पुढच्या महिन्यापासून त्या थेट सुनेच्याच हाती जाऊ लागले, असे भावजयीने सांगितले.

खाजगी शिकवणी हा दुय्यम प्रतीचा उद्योग, असे आपल्याकडे समजतात. नोकरी न मिळालेल्याने तो करावयाचा. अशांना आम्ही एक आठवण करून देतो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धे टाकून डॉ. आंबेडकर परतले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या विद्वानाने मुंबईत चरितार्थासाठी खाजगी शिकवण्या केल्या आहेत. पुढे १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी ते प्राध्यापक झाले त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तुकडे जोडून जमिनी मोठ्या केल्या की प्रश्न सुटेल, असे तेव्हा पुष्कळांचे मत होते. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर राबवायला भांडवल व साधने किती आहेत यावर ठरते, आणि शेतीवर टेकलेली जादा माणसे उद्योगधंद्यांत गेल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांनी मांडले. सूनबाईंनी हा विचार मुलीला सांगितला तेव्हा तिने विचारले, की मग आजोबांच्या बागेचे तीन वाटे झाले ते वाईट झाले काय. त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही. "बाबांला विचार, तीन विहिरी खोदल्या त्याचा खर्च किती आला," एवढेच म्हणाल्या. हा प्रश्न भावाला आवडला नाही. वाटणी आम्हीही घेतली होती, तेव्हा आम्हीही गप्प राहिलो.

पुष्कळ वाचक विचारतील, की प्रत्येक आळीत अशी सूनबाई कोठून आणावी? खरे आहे. पण आपण शोधतो त्या जागा फार थोड्या असतात. निवृत्त बँक अधिकारी, सहकारी सोसायटीचे जुने चिटणीस, रोज बाजारसमितीत बसणारा एखादा शिकलेला अडत्या, सुटीला आलेला महाविद्यालयीन मुलगा, आणि घराघरांत पेटीत पदव्या ठेवून बसलेल्या लेकीसुना, यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. विचारावयाचे काय, तेही सांगतो. 'मागणी वाढली' आणि 'मागणीचा विस्तार झाला' यांत भेद काय, हे त्यांना उदाहरणाने सांगावयास सांगा. भाव उतरला म्हणून लोकांनी संत्री जास्त घेतली, हा विस्तार. भाव तोच असून सर्दी-पडशाच्या दिवसांत लोक जास्त मागू लागले, ही वाढ. पहिल्यात आपण त्याच रेषेवर सरकतो, दुसऱ्यात रेषाच उजवीकडे सरकते. ज्याने हे नीट सांगितले त्याला पाया पक्का आहे असे समजावे. दुसरा प्रश्न आमचा आवडता आहे : आकृतीत किंमत उभ्या अक्षावर का घेतात? गणितात कारण आडवे आणि परिणाम उभा काढतात. अर्थशास्त्रात मार्शलच्या १८९० सालच्या ग्रंथापासून उलटी वहिवाट रूढ झाली आहे. हे उत्तर आलेच पाहिजे असे नाही. सूनबाईंना ते आले नाही. "मला ठाऊक नाही, पाहून सांगते," म्हणाल्या, आणि पुढच्या तासाला सांगितले. जो मास्तर या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडे मूल धाडू नये.

पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. महिनाअखेर मुलाची वही पाहावी. तीत खाडाखोड असावी, आणि अक्षर मुलाचे असावे. मुलाने रात्री जेवताना शिकलेली एक गोष्ट आईला सांगावी. आईला समजली तर मुलाला समजली. हे आम्ही भावजयीवर सोपवले होते. बांगलादेशाने २०१९ नंतर संत्र्यावरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवीत नेले, त्याचा इकडच्या बागांच्या भावाशी संबंध काय, हे पुतणीने तिला पोळ्या लाटता लाटता समजावले. ढाक्याच्या बंदरात कर लागतो तर आपला भाव का पडावा, तिथल्या गिऱ्हाइकाने जास्त द्यावे, असे भावजय म्हणाली. मुलीला उत्तर सुचले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न ओसरीवर गेला. महाग झाले की तिकडचे लोक दुसरे फळ घेतात. न गेलेला माल इकडच्याच बाजारात उतरतो. आणि संत्रे काही वर्षभर साठवून ठेवता येत नाही. कराचा भार कोण किती सोसतो हे ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर अवलंबून असते, असे सूनबाईंनी सांगितले. भावजयीला ते पटले. तिच्या मते हे सगळ्याच बाबतींत खरे आहे.

वार्षिक परीक्षेत मुलीला ८० पैकी ४९ गुण मिळाले. पहिला नंबर नव्हे, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. जूनमध्ये बारावीचे प्रवेश सुरू झाले तेव्हा घरी बसण्याची गोष्ट कोणी काढली नाही, स्थळांचीही नाही. सूनबाईंकडे आता तीन मुली आणि एक मुलगा येतात. आजींनी ओसरीवर दिवा लावून घेतला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीवर गोटमार असते. त्या गडबडीत सौदे होत नाहीत. ती आटोपल्यावर यंदा व्यापारी बाग पाहायला आला. आम्ही तिथेच होतो. झाडावर फळ हिरवे होते, आणि खाली गळालेलेही थोडेफार पडले होते. ओसरीवर चहा झाला. भावाने मुलीला वही घेऊन बोलावले, हे आम्ही प्रथमच पाहिले. तिने व्यापाऱ्याला विचारले, "काका, इसार आज किती देता? आणि पुढं फळगळ वाढली तं तोटा तुमचा का आमचा?" व्यापाऱ्याने भावाकडे पाहिले. भावाने मुलीकडे बोट केले. फळगळीचे लेखी लिहून देण्यास तो गृहस्थ तयार होईना, तेव्हा सौदा त्या दिवशी ठरला नाही. दोन दिवसांनी पुन्हा येतो म्हणून तो उठला. साडेचार होत आले होते. मुलीने कपबश्या आत नेऊन ठेवल्या आणि दुसरी वही घेऊन ती काकूंकडे गेली.